जुन्या गाडीसाठी ग्रॅफाइटचा एक्झॉस्ट गॅस्केट संच : दोन संच वापरल्यानंतरचे परीक्षण

गॅस्केट म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून वायू गळू नये म्हणून मध्ये दाबून बसवायचा पातळ थर. ज्या संचाचे हे परीक्षण आहे, तो मी चार सिलिंडरच्या बावीस वर्षे जुन्या पेट्रोल गाडीवर चौदा महिन्यांत दोनदा बसवला आहे. गाडीचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असून मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व सिलिंडरांतला धूर एका पाइपात गोळा करणारा भाग, बिडाचा आहे. संचात मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये बसणारे चारही पोर्टचे (धूर बाहेर पडण्याच्या छिद्रांचे) एकसंध गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप यांच्या सांध्यातील गोल रिंग, सायलेन्सरकडे जाणाऱ्या फ्लँजचे (पाइपाच्या टोकावरील चपट्या कडेचे) एक सपाट गॅस्केट आणि आठ नट एवढ्या वस्तू येतात. माझे मत आधीच सांगतो. ज्या हेडचा पृष्ठभाग अनेक वर्षांच्या गळतीने खाल्ला गेला आहे, त्याच्यावर बहुपदरी स्टीलच्या महागड्या गॅस्केटपेक्षा हे मऊ ग्रॅफाइटचे गॅस्केट अधिक खात्रीने बसते, आणि ही गोष्ट मी आधी महागडे गॅस्केट वापरून, ते काम वाया गेल्यावर शिकलो.

गळतीची सुरुवात आवाजाने झाली. सकाळी थंड इंजिन सुरू केले की टकटक असा बारीक, तालात येणारा आवाज येई, ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढे आणि सात-आठ मिनिटांत जवळजवळ नाहीसा होई. मेकॅनिकने तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज ठरवला आणि टॅपेटची फट जुळवून दिली, पण आवाज तसाच राहिला. या दोन आवाजांतील फरक समजून घेण्यासारखा आहे. गॅस्केटमधून गळणारा वायू प्रत्येक वेळी त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना दाबाने बाहेर फेकला जातो, त्यामुळे इंजिनावर भार आला की आवाज मोठा होतो. टॅपेटचा आवाज भारावर तितका अवलंबून नसतो. इंजिन तापल्यावर मॅनिफोल्ड प्रसरण पावून फट दाबली जाते, म्हणून आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणजे गळती थांबली, असे मात्र समजू नये. एका सिलिंडरच्या प्लगची वायर पुरेशी काळजी घेऊन थोडा वेळ काढली असता आवाज बदलला, तर गळती त्याच सिलिंडरच्या पोर्टवर आहे असे बहुधा धरता येते. माझ्या गाडीत चौथ्या सिलिंडरची वायर काढल्यावर टकटक थांबली.

याहून साधी आणि सुरक्षित तपासणी थंड इंजिनावर होते. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर टाकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला कापड गुंडाळून जोडावी, हलका दाब द्यावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फवारावे. जेथे बुडबुडे येतात तेथे गळती असते. इंजिन बंद असल्याने फिरत्या पट्ट्यांचा आणि तापलेल्या लोखंडाचा धोका यात नाही, आणि मॅनिफोल्डचे वरचे गॅस्केट दोषी आहे की खालची रिंग, हे पाच मिनिटांत समजते. सांध्याभोवती काजळीची काळी पिसाऱ्यासारखी खूण असेल तर तीही विश्वासार्ह साक्ष आहे.

ही गळती केवळ आवाजापुरती मानून पुढे ढकलू नये, असे मला कळकळीने वाटते. मॅनिफोल्डमधील दाब सतत एकसारखा नसतो. वायूच्या दोन लाटांच्या मध्ये तो क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला हा जादा ऑक्सिजन दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे असा संगणकाचा समज होतो आणि तो अधिक पेट्रोल सोडतो. गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते आणि कालांतराने धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही ताण येतो. कार्ब्युरेटरच्या, सेन्सर नसलेल्या गाडीत हा परिणाम होत नाही, पण दुसरा आणि अधिक गंभीर परिणाम सर्वच गाड्यांत होऊ शकतो. केबिनमध्ये हवा घेणारे छिद्र बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेजवळ असते, आणि गळणाऱ्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. गाडीत बसल्यावर डोके दुखू लागले किंवा मळमळले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर गॅस्केट बदलेपर्यंत ती गाडी चालवू नये.

पहिल्या वेळी मी बहुपदरी स्टीलचे गॅस्केट निवडले, कारण ते सर्वांत टिकाऊ असल्याचे मी ऐकले होते. ते ऐकीव मत खोटे नाही, पण अपुरे आहे. या प्रकारात स्प्रिंगसारख्या लवचिक स्टीलच्या पातळ पत्र्यांचे दोन किंवा अधिक थर असतात आणि प्रत्येक पोर्टभोवती पत्र्यावर उठावाची एक कडी दाबून तयार केलेली असते. नट आवळल्यावर ही कडी चपटी होते आणि परत उसळण्याच्या तिच्या ओढीमुळे सांधा बंद राहतो. धातू तापून-निवून सांधा थोडा उघडला-मिटला तरी ती कडी त्याच्यामागे जाते, म्हणून कारखान्यातून येणाऱ्या नव्या इंजिनांवर हा प्रकार उत्तम काम करतो. मात्र ही कडी एका अरुंद रेषेवरच टेकते. ती रेषा गुळगुळीत आणि सपाट पृष्ठभागावर पडली तरच सांधा बंद होतो, खड्डा भरून काढण्याची ताकद स्टीलच्या पत्र्यात नसते.

मी ते गॅस्केट पृष्ठभाग न मोजता बसवले. सतराव्या दिवशी टकटक परत आली. मॅनिफोल्ड पुन्हा उतरवल्यावर गॅस्केटकडे पाहूनच सर्व उलगडा झाला. पहिल्या तीन पोर्टांभोवती कडीचा ठसा अखंड आणि चकचकीत होता, चौथ्या पोर्टाच्या खालच्या बाजूला मात्र तो ठसा तुटला होता आणि तेथून काजळीचा ओघळ बाहेर आला होता. हेडवर नेमक्या त्याच जागी बारीक खड्ड्यांचा एक पट्टा होता. अनेक वर्षे गळत राहिलेल्या तापलेल्या वायूने आणि ओलाव्याने तेथील ॲल्युमिनियम खाल्ले होते. स्टीलची पट्टी आणि फिलर गेज (फट मोजण्याची ठरावीक जाडीची पाने) घेऊन मी मॅनिफोल्डचा पृष्ठभाग तपासला, तेव्हा टोकांच्या पोर्टांजवळ ०.१५ मिलिमीटरचे पान पट्टीखालून सहज सरकले. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादा ०.१० मिलिमीटर आहे. मॅनिफोल्ड सुटा असल्याने तो वर्कशॉपमध्ये फेसिंगसाठी, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर सपाट करण्यासाठी, देता आला आणि सपाट करून मिळाला. हेडचे तसे करायचे तर संपूर्ण हेडच उतरवावे लागले असते, आणि बाकी इंजिन उत्तम चालत असताना केवळ एका पोर्टाभोवतीच्या खड्ड्यांसाठी ते करणे मला योग्य वाटले नाही. अशा पृष्ठभागावर काय बसेल या शोधात मी ग्रॅफाइटच्या या संचाकडे आलो.

या गॅस्केटच्या मध्यभागी छिद्रे पाडलेला स्टीलचा पत्रा आहे आणि त्या छिद्रांचे दाते दोन्ही बाजूंच्या ग्रॅफाइटच्या थरांत रुतलेले आहेत. जाडी साधारण दीड मिलिमीटर असून नट आवळले की ग्रॅफाइट दबते आणि समोरच्या पृष्ठभागावरील ओरखडे व खड्डे भरून काढते. ग्रॅफाइटचा दुसरा गुण म्हणजे ते निसरडे असते, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाबतीत या निसरडेपणाला फार महत्त्व आहे. बिडाचा ४० सेंटीमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर त्याची लांबी सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढते. हेडचे ॲल्युमिनियम तेवढ्याच तापमानाला बिडाच्या दुप्पट वाढले असते, पण आतून फिरणाऱ्या पाण्यामुळे हेड शंभर अंशांच्या आसपासच राहते, म्हणून ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढते. म्हणजे गाडीच्या प्रत्येक फेरीत हे दोन भाग एकमेकांवरून एक मिलिमीटरहून थोडे अधिक घसरतात आणि थंड होताना तेवढेच परत येतात. मॅनिफोल्डच्या टोकाकडील छिद्रे स्टडपेक्षा (हेडमध्ये बसवलेल्या, नट लागणाऱ्या आट्यांच्या दांड्यापेक्षा) मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात ती यासाठीच. जे गॅस्केट हे घसरणे सहन करत नाही, ते फाटते, किंवा ते स्वतः टिकून टोकाचे स्टड तोडते.

ग्रॅफाइटची मर्यादाही सांगितली पाहिजे. हवेच्या संपर्कात सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू जळू लागते, आणि भाराखालील पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट वायू ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. म्हणून पोर्टाच्या तोंडाशी ग्रॅफाइट उघडे असलेले गॅस्केट घेऊ नये. या संचात प्रत्येक पोर्टाच्या कडेला स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी दुमडून बसवली आहे, त्यामुळे तापलेला वायू ग्रॅफाइटला थेट भिडत नाही. संच घेताना मी सर्वांत आधी हीच दुमड पाहिली, आणि दोन्ही संचांत ती चारही पोर्टांवर अखंड व एकसारखी होती.

बसवण्याच्या कामात गॅस्केटपेक्षा स्टड अधिक वेळ घेतात. वीस वर्षे तापून गंजलेला नट पहिल्या झटक्यात फिरवू पाहिले तर स्टड हेडच्या अगदी तोंडाशी तुटतो आणि अर्ध्या दिवसाचे काम चार दिवसांवर जाते. मी आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल टाकले. बॅटरीची ऋण तार काढली, सेन्सरची जोडणी सोडवली आणि मगच पाना लावला. नट थोडा सैल करायचा, पुन्हा थोडा आवळायचा, तेल टाकायचे आणि परत सैल करायचा, या पद्धतीने आठपैकी सात नट निघाले. आठव्या नटासोबत स्टडच बाहेर आला, पण हेडमधील आटे शाबूत होते. ज्यांचा स्टड तुटून आत राहील त्यांनी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हातातील ड्रिल घालण्याची घाई करू नये, असा माझा आग्रह आहे. तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून तो फिरवणे हा उपाय हात बसलेल्या वेल्डरकडून करून घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते.

जुने गॅस्केट काढताना एक सावधगिरी आवश्यक आहे. फार जुन्या गाड्यांतील मूळ गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तसा संशय असेल तर ते कोरडे खरवडू नये, त्यावर फिरता वायर ब्रश किंवा हवेचा झोत चालवू नये. पाण्याने पूर्ण भिजवून, योग्य मास्क लावून तुकडे उचलावेत आणि बंद पिशवीत ठेवावेत. हेडचा पृष्ठभाग मी प्लास्टिकच्या स्क्रॅपरने आणि मऊ पॅडने हाताने साफ केला. ॲल्युमिनियमवर स्टीलच्या पात्याने एक खोल ओरखडा पडला तर गळतीला नवी वाट मिळते.

गॅस्केट कोरडेच बसवावे. त्यावर सिलिकॉनचा लेप लावण्याची सवय अनेकांना असते आणि ती चुकीची आहे. साधा सिलिकॉन सीलंट सुमारे ३०० अंशांपलीकडे टिकत नाही, तो जळून गेल्यावर त्याच्या जागी फट राहते, आणि त्यातून निघणाऱ्या वाफा ऑक्सिजन सेन्सर खराब करू शकतात. नट आवळताना मधल्या नटांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचे, आणि हे तीन फेऱ्यांत करायचे, म्हणजे गॅस्केट मधून बाहेरच्या दिशेने सपाट होत जाते. माझ्या गाडीत एम ८ मापाच्या स्टडना शेवटच्या फेरीत २२ न्यूटन मीटरचा टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितला आहे. प्रत्येकाने आपल्या गाडीचा आकडा पाहावा, पण टॉर्क पान्याशिवाय हे काम करू नये, कारण हाताला २२ आणि ३५ यांतील फरक कळत नाही, स्टडला मात्र कळतो. ग्रॅफाइट दबून किंचित बसते, म्हणून इंजिन तीन वेळा पूर्ण तापून थंड झाल्यावर मी सर्व नट पुन्हा त्याच टॉर्कवर तपासले. टोकाचे दोन नट थोडे फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत. पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटे पातळ धूर आणि तेलकट वास येतो. तो सांडलेल्या तेलाचा आणि गॅस्केटवरील लेपाचा असतो आणि आपोआप थांबतो. मी ही पहिली सुरुवात उघड्यावर केली, आणि इतरांनीही बंद गॅरेजमध्ये करू नये.

संचातील गोल रिंग वेगळ्या तत्त्वावर काम करते. इंजिन आडवे बसवलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन पुढे-मागे डोलते, तर सायलेन्सरचा पाइप गाडीच्या खालच्या बाजूला टांगलेला असतो. या दोघांमधील हालचाल सोसण्यासाठी तेथील सांधा उखळीसारखा गोलाकार ठेवलेला असतो आणि त्याचे बोल्ट स्प्रिंगवर दाबलेले असतात. ही स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत बोल्ट आवळला तर सांधा हलू शकत नाही आणि ताण मॅनिफोल्डवर जातो. माझ्या जुन्या स्प्रिंगांची लांबी एकमेकींपासून वेगळी झाली होती, म्हणून रिंगबरोबर स्प्रिंगाही बदलल्या. संचात त्या येत नाहीत, आणि मला ही उणीव वाटते, कारण बसक्या स्प्रिंगेवर नवी रिंग फार काळ टिकणार नाही.

फ्लँजच्या सपाट गॅस्केटबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही. ते बसले आणि गळत नाही.

परिणामांबद्दल समाधानाने लिहितो. बसवल्यानंतर पहिल्याच थंड सकाळी टकटक पूर्ण थांबली होती आणि साबणाच्या पाण्याच्या चाचणीत एकही बुडबुडा आला नाही. अकराव्या महिन्यात मॅनिफोल्डच्या मागून जाणारा पाण्याचा पाइप गळू लागल्याने मॅनिफोल्ड पुन्हा उतरवावा लागला, आणि त्यामुळे हे गॅस्केट आतून पाहण्याची संधी मिळाली. बाहेरच्या कडेचे ग्रॅफाइट काही ठिकाणी राखाडी होऊन पापुद्र्यासारखे सुटत होते, पण पोर्टाभोवतीची स्टीलची दुमड आणि तिच्या लगतचा दबलेला पट्टा चारही ठिकाणी काळा, घट्ट आणि काजळीच्या ओघळाविना होता. चौथ्या पोर्टाखालील खड्ड्यांच्या जागी ग्रॅफाइट आत शिरून त्या खड्ड्यांचा हुबेहूब साचा तयार झाला होता. तो पाहून, सुरुवातीला याच गॅस्केटची निवड केली असती तर एक पूर्ण काम वाचले असते, हे मनाला लागले. एकदा दबलेले ग्रॅफाइट परत वापरता येत नाही, म्हणून मी दुसरा संच आणला. त्याची जाडी, छिद्रांची जागा आणि दुमडीचे काम पहिल्या संचासारखेच होते, आणि तोही तीन महिने गळतीशिवाय चालला आहे.

तक्रारी तीन आहेत. पहिली, संचासोबत सूचनांचा कागद नाही. या गॅस्केटच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने ते कोणत्याही बाजूने बसते, पण बाजारात एका बाजूला धातूचा पत्रा असलेली गॅस्केटेही मिळतात आणि त्यांची धातूची बाजू सहसा मॅनिफोल्डकडे ठेवतात, म्हणजे मॅनिफोल्ड त्यावरून घसरू शकतो. अशा बाबतीत ग्राहकाला अंदाजावर सोडणे बरे नव्हे. दुसरी, संचातील नट साध्या स्टीलचे आहेत. एक्झॉस्टच्या स्टडवर तांब्याचा मुलामा दिलेले नट हवेत, कारण ते गंजून स्टडला चिकटत नाहीत. मी तसे नट वेगळे आणून बसवले आणि अकरा महिन्यांनी ते काही त्रास न देता निघाले. तिसरी तक्रार पॅकिंगची आहे. ग्रॅफाइटचा थर वाकल्यावर तडकतो, आणि हे लांब, पातळ गॅस्केट केवळ प्लास्टिकच्या पिशवीत पाठवले जाते. माझा दुसरा संच आला तेव्हा एक टोक वाकलेले होते. तो परत करून बदली मागावा लागला. मागे जाड पुठ्ठा देणे उत्पादकाला मुळीच कठीण नाही.

ज्यांचे हेड दुसऱ्या कारणाने उतरणारच आहे आणि त्याचे फेसिंग होणार आहे, त्यांनी बहुपदरी स्टीलचे गॅस्केट घ्यावे. ते अधिक वर्षे टिकेल. टर्बो असलेल्या इंजिनावर मी हा संच वापरलेला नाही, आणि तेथील तापमान व दाब पाहता उत्पादकाने नेमून दिलेलाच प्रकार बसवावा. माझ्या गाडीसारख्या टर्बो नसलेल्या, हेडवर जुने व्रण असलेल्या इंजिनासाठी मात्र मी पुढच्या वेळीही हाच संच घेईन, आणि त्यासोबत आठ तांब्याचे नट व स्प्रिंगांची एक जोडी मागवीन.